पहारेकऱ्याची चौथी अट

कुरखेडा, ८ सप्टेंबर २००१

ती. इंदुताईस धाकट्या लच्छूचा पाया पडून नमस्कार. तुह्या गुडघा कसा आहे? (भाऊजीची तब्येत विचारत नाई, त्याइले कधी काई होत नसते.) वरोऱ्यात सगळ्याइले सांग का लच्छूले नोकरी लागली. आपल्या दिव्यानीच्या आश्रमशाळेत मी पहारेकरी झालो. खाकी ड्रेस, शिटी अन् अकरा महिन्यांचा करार. काठी मात्र घरून आणा म्हणाले.

करारात अटी सहा. चौथी अशी, का पहारेकऱ्याचा कोणी नातेवाईक आवारात दिसता कामा नये. काऊन, तर आधीच्या पहारेकऱ्याच्या सासुरवाडीनं शाळेच्या व्हरांड्यात मोहफुलं वाळत टाकली अन् हेडमास्तर त्यावरून घसरले. आता माह्यी पोरगी दिव्यानी तिथंच वसतिगृहात राह्यते, तिच्यासाठीच तर मी अर्ज केला (तिच्याबिगर घर खायले उठते, बाई). मुकाट सही केली. तिच्या दाखल्यात मी लक्ष्मण, करारात लच्छू, म्हून निभावलं.

संशय येऊ नये म्हून मी लय कडक झालो. नातेवाईक म्हटला का गेटबाहेर, मंग तो कोणाचाई असो. सोमवारी एक म्हातारबुवा तांदळाचं पोतं घेऊन आले, म्हणे मी हेडमास्तरचा सासरा. मी म्हटलं, मंग तर नाईच जमत. दोन तास त्याइले पोत्यावर बसवलं. (माणूस मोठा गोड, जाताना मले तंबाखू-सुपारीचा खर्रा देऊन गेला.) त्या दिवशी हेडमास्तरले घरी काय ऐकावं लागलं ते देवाले म्हाईत, पण मंगळवारी सकाळीच त्यानं रजिस्टर काढून आडनावं ताडून पाह्यली.

दिव्यानीले बोलावलं. माह्यासमोरच विचारलं, हा पहारेकरी तुह्या कोण लागते? पोरीनं माह्याकडं पाह्यलंई नाई.

"मी नाई ओळखत, सर," म्हणाली.

नोकरी वाचली. बाकी इथं सर्व ठीक आहे.

तुह्या भाऊ,
लच्छू

ता. क. तेवीस तारखेले पालकसभा आहे. मी तर जाऊ शकत नाई, तू ये. गेटवर मी तुले अडवीन, नाव-गाव विचारीन, राग नको धरू. तू फक्त पोरीची आत्या, माह्यी कोणीच नाई, एवढं ध्यानात ठेव.

आणखी ता. क. ओळख दाखवू नको, असं मी तिले कधी सांगितलंच नव्हतं. नोकरी वाचावी म्हून ती तशी बोलली, का गेटवरच्या बापाची तिले लाज वाटते, हे मले विचारवत नाई. तू विचार. जे म्हणेल ते कळव. वाईट असलं तर थोडं गोड करून लिही.