कलम चार आणि आमचा थर्मन

पोर्ट हॅडली
गुरुवार, दुपार

आदरणीय ल्यूशियसदादा,

तुझ्या धाकट्या बहिणीकडून तुला आणि व्हर्लीनवहिनीला खूप खूप प्रेम. तुझे गुडघे कसे आहेत? अ‍ॅरिझोनातलं ऊन त्यांना मानवतंय असं वहिनी म्हणाली, बरं वाटलं. इकडे आम्ही सगळे ठीक. माझी साखर ताब्यात आहे, माझा नवरा थर्मन ताब्यात नाही.

आता बातमी. बसून वाच. पोलिसांनी विजेचं पिस्तूल, म्हणजे तुमची ती स्टन गन, कधी चालवायची याच्या नियमावलीतलं कलम चार काल रात्री सहा विरुद्ध तीन मतांनी मंजूर झालं, आणि ते कलम तुझ्या बहिणीने लिहिलंय! हो, मीच. नागरिक देखरेख समितीवर माझी नेमणूक झाली तेव्हा तू फोनवर काय म्हणाला होतास ते मी विसरलेले नाही. ‘अर्नी, तू बस चालवलीस, तुला पोलिसातलं काय कळतं?’ अरे, एकतीस वर्षं साठ-साठ पोरांची स्कूलबस चालवली मी, तीही बर्फातून. एकालाही वठणीवर आणायला समोरच्या आरशाशिवाय दुसरं हत्यार लागलं नाही. तू सव्वीस वर्षं पोलिसात काढलीस, मला अभिमान आहे त्याचा, पण तुझ्याकडे आरसा नव्हता.

मी समितीवर का गेले हे तुला कधी नीट सांगितलंच नाही. गेल्या मार्चमध्ये शनिवारी भर दुपारी थर्मन दुकानातून पडद्याचा रॉड खांद्यावर टाकून घरी येत होता. (रॉड चुकीच्या मापाचा होता, पण तो वेगळा विषय आहे.) त्याच वेळी दोन तरुण पोलीस लोखंडी गज घेतलेल्या कोणाला तरी शोधत होते. त्यांनी मागून तीनदा ओरडून थांबायला सांगितलं. थर्मन आपला गुणगुणत चाललाय! कानाचं यंत्र घरी कपाटाच्या खणात, कारण ते घातलं की डोक्यात कोणीतरी बेकन तळतंय असं त्याला वाटतं. पाठीवर विजेच्या पिस्तुलाचा नेम धरल्याचा लाल ठिपका आला. तेवढ्यात आपला न्हावी क्लीओफस, गिऱ्हाइकाच्या तोंडाला साबण तसाच ठेवून, हातातला टॉवेल फडकवत रस्त्यात धावला आणि मध्ये उभा राहिला. थर्मनने वळून सगळ्यांना ‘गुड आफ्टरनून’ केलं. घरी येऊन, क्लीओफसकडून कळलेलं हे सगळं त्याने मला जेवताना सांगितलं, मीठ मागावं इतक्या सहज. दादा, त्याच्या छातीत पेसमेकर आहे रे.

तेव्हा मी नियमावली आणून वाचली. त्यात लिहिलं होतं, ‘शक्य असल्यास तोंडी इशारा द्यावा.’ बस्स, एवढंच. माझं कलम म्हणतं की इशारा समोरच्याला कळला पाहिजे. हाकेला उत्तर आलं नाही तर माणूस बहिरा असेल असं धरून त्याच्या डोळ्यांसमोर यावं, हात दाखवावा, पाच आकडे मोजावेत. कोणाच्या जिवावर बेतलं असेल तर गोष्ट वेगळी, तेही लिहिलंय. पोलीस चीफसाहेब म्हणाले, बाई, रस्त्यावर पाच आकडे मोजायला वेळ नसतो. मी म्हटलं, साहेब, मी शाळेच्या दारात रोज मोजत होते.

पण नऊजणांच्या समितीत माझ्या बाजूने चारच. आणि उरलेल्यांना पटवावं कसं? पाच सदस्य एका ठिकाणी जमून विषय बोलले की कायद्याने ती बैठकच होते, आधी नोटीस लावावी लागते. चर्चमधल्या शुक्रवारच्या माशांच्या जेवणाला आम्ही पाचजण चुकून एका टेबलावर आलो, तर अध्यक्ष पेटिबोन (निवृत्त दंतवैद्य, स्वभावाने अजूनही तोच) आपली ताटली उचलून भिंतीकडे तोंड करून जेवले. कोबीची कोशिंबीर मागायचीसुद्धा सोय राहिली नाही.

काल जाहीर सुनावणी झाली. प्रत्येक नागरिकाला बोलायला तीन मिनिटं, आणि घंटी वाजवायचं काम माझ्याकडे. मी चीफसाहेबांवरही वाजवली, मग नवऱ्याला कशी सोडू? थर्मन उभा राहिला, रॉडची हकीकत सांगितली, तीन मिनिटं झाली, मी घंटी वाजवली. हा थांबेना! औषधाच्या दुकानापुढच्या पार्किंगच्या तक्रारीवर घसरला. पुन्हा घंटी. पेटिबोननी हातोडा आपटला. दाराशी बंदोबस्ताला असलेले सार्जंट ड्वोराक मागून म्हणाले, ‘सर, खाली बसा.’ मग मोठ्याने. मग आणखी मोठ्याने. मग ते त्याच्याकडे चालू लागले आणि सवयीने त्यांचा हात पट्ट्यावरच्या विजेच्या पिस्तुलाकडे गेला.  माझा हात घंटीवर तसाच. आणि दादा, त्या माणसाने चालता चालता खाली स्वतःच्या हाताकडे पाहिलं. थांबला. हात काढला. वळसा घालून थर्मनच्या समोर आला आणि पंजा वर केला. थर्मन म्हणाला, ‘वेळ संपली होय? मग सांगायचं ना!’

कोणी हसलं नाही. सार्जंट माईकपाशी गेले आणि म्हणाले, ‘पाच आकड्यांना वेळ असतो. लिहा ते कलम.’ अध्यक्षांचं मत फिरलं, त्यांच्यामागून आणखी एक फिरलं. नंतर बाहेर मी सार्जंटला घरी भाजलेला फळांचा पीच पाय दिला, त्यांनी भेटी न घेण्याच्या नियमावर बोट ठेवून परत केला. असा माणूस! मी इतकी खूश होते की गाडीत रडले.

सगळ्यांना गोड पापे. वहिनीला सांग, रॉड बदलून आणला.

तुझी,
अर्नेस्टीन (कलम चारवाली)

ता. क. काल झोपताना थर्मनने कानातून यंत्र काढून खणात ठेवलं. मी पाहतच राहिले! दिवसभर घातलं होतं. घंटी ऐकू आली का विचारलं तर म्हणाला, ‘दोन्ही वेळा. माझं बोलणं संपलं नव्हतं.’ पण मागून सार्जंटचा हात कुठे गेला होता ते त्याला दिसलं नव्हतं. ते मी सांगितल्यावर तो पलंगावर बसला. आज टपालपेटीपर्यंत जातानाही त्याने यंत्र घातलं. सुनावणीत त्याला सगळं ऐकू येत होतं हे समितीला कळवायचं का, याचा विचार मी इतिवृत्त मंजूर झाल्यावर करीन.

आणखी एक ता. क. हे सगळं फोनवर का नाही सांगितलं माहितीये? थँक्सगिव्हिंगला मी तुला बिऊलामावशी गेल्याचं सांगितलं, तर तू म्हणालास, ‘वा, अभिनंदन कळव.’ वहिनी म्हणते तू वर्षभर असाच मान डोलावतोयस. तिने मंगळवारी दहा वाजता कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. जा. तू रोज सकाळी सापांसाठी हातात लोखंडी काठी घेऊन फिरतोस, आणि तुझ्या गावची नियमावली मी मागवून वाचली, तिथे अजून ‘शक्य असल्यास’च आहे. माझं कलम चार आमच्या शहराच्या हद्दीपर्यंतच चालतं. आणि दादा, तुझ्या त्या रस्त्यावर न्हाव्याचं दुकान नाही.