भिंतीला मॅचिंग

सिहोरा,
११ डिसेंबर

तीर्थस्वरूप रुखमिणीबाईंना भावजय सत्यभामेचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, तरी वाकले आहे, याची नोंद असावी.)

इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. तुमचा गुडघा कसा आहे, जावईबापूंची साखर कुठवर आली, भिलाईला थंडी पडली का, ते कळवावं. घरात दोन-दोन मोबाइल असताना पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. बाई, फोनवर तुम्ही समोरच्याला बोलू देत नाही. हे मी फोनवर सांगायला गेले असते तर तुम्ही तेही बोलू दिलं नसतं. पत्राला मधे तोडता येत नाही. परवा तुम्ही विचारलंत की आईंनी तुम्हाला दिलेलं, तुम्ही इथंच ठेवून गेलेलं कोशाचं रेशमी पातळ नीट आहे ना, आमच्या अंकुशच्या लग्नात नेसायचं आहे. पातळ पेटीतच आहे. डांबरगोळ्याही घातल्या आहेत. तेव्हा त्याची काळजी नसावी, आणि मी आता रंगकामाकडे वळते.

फेब्रुवारीत सून येणार म्हणून घर रंगवायला काढलं, हे तुम्हाला माहीत आहेच. मी म्हटलं होतं की नत्थू पेंटरला बोलवा आणि मोकळे व्हा. नत्थूला कोणताही रंग सांगितला तरी तो पिस्ता लावतो. सिहोऱ्यात त्याच्या हातची चाळीस घरं असतील, चाळीसही पिस्ता, आणि मंडईच्या जत्रेला आलेले पाहुणे चुकून भलत्याच घरी जेवून जातात. पण निदान डोक्याला ताप नसतो. तेवढ्यात तुमची उर्वशी मामाच्या घरी मदतीला आली. (लेक तुमची आहे, बाई, हे पत्र संपेपर्यंत लक्षात ठेवावं.) रायपूरला सहा महिने घरसजावटीचं शिकून आली आहे, त्यामुळे तिला आपल्या घरातलं काहीच बघवेना. ती म्हणाली, मामी, कपडे जसे आपल्या अंगाच्या रंगाला शोभतील असे घेतो, तशा भिंतीही घ्यायच्या असतात. घरातला माणूस भिंतीपुढं उठून दिसला पाहिजे. मला ते पटलं. अठ्ठावीस वर्षं मी या घरात वावरते आहे, एकदाही उठून दिसले नाही.

मग तिनं आम्हा दोघांना तोंडं धुऊन अंगणात उन्हात बसवलं. नत्थू शिडी घेऊन आला तो बघतच राहिला. म्हणाला, ‘वहिनी, रंग भिंतीले द्याचा हाय, माणसं कायले धुतली?’ घर कोणाच्या रंगावर जायचं, यावर आधी अर्धा तास वाद झाला. तुमच्या भावाचं म्हणणं घर माझ्या नावावर आहे. माझं म्हणणं नाव कागदावर आहे, घरात मी असते. उर्वशीनं पाहुणी म्हणून मामाची बाजू घेतली. पण नुकती धानाची कापणी आटोपलेली, त्यामुळे मामाचे तीन रंग निघाले: टोपीखालचा एक, तोंडाचा एक आणि बनियनखालचा एक. यातला खरा कोणता, असं तिनं विचारलं तर म्हणाले, लग्नात जो होता तो धर. तो मलाही आठवेना. मग तिनं मनगटाची शीर निळी की हिरवी ते बघायला हात धरला. ‘कंपाउंडरले तीनदा टोचूनबी शीर सापडत नाही, तुले कशी सापडन?’ असं म्हणून यांनी हात काढून घेतला. शेवटी तिनं सांगितलं की माणसं चार ऋतूंची असतात आणि मामा हिवाळ्यातले आहेत. तुमचे भाऊ म्हणाले, आपल्याकडे ऋतू तीन, चौथा हिनं रायपूरहून आणला असेल. मला तिनं पानगळीतली म्हटलं. मुलाच्या लग्नाच्या वर्षी सासू होऊ घातलेल्या बाईला पानगळ म्हणायचं का, हे तुम्हीच तुमच्या लेकीला विचारा.

उर्वशीनं एवढंच सांगितलं होतं की मामाच्या रंगाकडे बघून रंग आणा. आता आपण ब्लाऊजपीस आणायला जातो तेव्हा काय करतो? साडी दुकानात नेतो आणि हुबेहूब जुळेपर्यंत दुकानदाराला सोडत नाही. आम्ही तसंच केलं. तुमसरच्या रंगाच्या दुकानात मी यांना काउंटरपाशी उभं केलं आणि रंगाच्या पट्ट्या एकेक गालाला लावून बघितल्या. तेविसावी पट्टी अशी जुळली की गाल कुठं संपला आणि पट्टी कुठं सुरू झाली ते कळेना. मॅचिंग मला जमतं, हे तुम्ही पूर्वी कबूल केलेलं आहे. दोन डबे घेऊन आलो, नत्थूनं पुढची खोली रंगवली.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या ललिताबाई आल्या. तुमचे भाऊ समोरच दिवाणावर भिंतीला टेकून बसले होते, अंगात जुना बदामी सदरा. (ललिताबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं आहे, हे मान्य.) त्या यांच्याकडे बघत मला म्हणाल्या, ‘तेजरामभाऊ नाही वाटते घरी?’ आणि मी तोंड उघडायच्या आत बसून सुरूच झाल्या. माणूस बोलते कमी अन् खाते जास्त, आमच्या सासऱ्याच्या तेरवीले सात लाडू खाल्ले, मी मोजून राहिली होती. तेव्हा भिंतीतून आवाज आला, ‘पाच.’ ललिताबाई चप्पल न घालता घरी गेल्या. चपला मी संध्याकाळी पोचवल्या.

उर्वशीनं कपाळाला हात लावला. म्हणाली, मामी, अंगाच्या रंगाचा नाही, अंगाला शोभणारा रंग आणायचा होता. ज्या कापडात आपला चेहरा उजळतो, तो रंग भिंतीला. आणि आता मामांना राहू द्या, आता तुमची पाळी. मग घरातली सगळी लुगडी-साड्या बाहेर निघाल्या. ती एकेक माझ्या हनुवटीखाली धरायची आणि मान हलवायची. एकोणीस साड्यांत मी आजारी दिसले आणि दोहोंत बरी होत आलेली. असं करता करता पेटीच्या तळाशी एक कापड सापडलं (कोणतं ते पुढे सांगते). ते खांद्यावर घेतलं, तेव्हा तुमचे भाऊ धानाच्या पोत्याला सुतळी घालत होते. त्यांनी वर बघितलं. दाभण हातात तसाच राहिला. म्हणाले, ‘हे तुले चांगलं दिसून राह्यलं.’

बाई, लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. या माणसानं मला वरणात मीठ कमी आहे हे सांगितलं, बैल विकला ते सांगितलं, पण असं काही कधी सांगितलं नव्हतं. अशा वेळी बाईमाणसाची बुद्धी जागेवर राहते का? मी ठरवलं, पुढची खोली याच रंगाची. कापडाचा नमुना घेऊन तुमसरला गेले. तिथं आता एक यंत्र आलं आहे, नमुना त्याच्यासमोर धरला की तोच रंग कालवून देतं. भिंत काल वाळली. पिकायला आलेल्या धानासारखी दिसते. नत्थूही दोन मिनिटं पिस्ता विसरला. तुम्ही येऊन बघाल तेव्हा तुमचंही मन प्रसन्न होईल आणि मोठंही होईल, अशी आशा आहे. जावईबापूंना नमस्कार.

तुमची,
सत्यभामा

ता. क. नमुना तुमच्या कोशाच्या पातळाचा होता. अगदी बोटभर. एवढी मोलाची वस्तू काळीपिवळीतून, दहा माणसांच्या मांडीवरून न्यायची, कोणाचा हात लागला तर? म्हणून जिवापाड जपून घरीच ठेवलं आणि तुकडा तेवढा कापून नेला.

ता. क. बोटभर म्हणजे वीतभर. कात्री बोथट आणि कोसा निसरडा. कापलं ते पदराला. उर्वशी नको म्हणत होती, यांनी तर बघितलंही नाही, कात्री माझ्याच हातात होती. दुकानदार म्हणाला, बाई, कापायची गरज नव्हती, आख्खं पातळ समोर धरलं असतं तरी चाललं असतं.

ता. क. आता खरं लिहिते. मी लग्न होऊन आले त्या वर्षी आई तुमच्यासमोर म्हणाल्या होत्या, ‘सत्यभामेच्या रंगावर कोसा उठत नाही, हा रुखमिणीले घेऊन जाऊ द्या.’ तुम्ही विसरला असाल, मी विसरले नाही. मला तेव्हा फार लागलं होतं. तुमचा त्यात दोष नव्हता, तुम्ही गोऱ्या होतात एवढंच. बाई, सूनमुख बघताना आरशात तिच्या चेहऱ्याशेजारी माझाही चेहरा येणार. त्या दिवसापुरतं ते पातळ मला नेसू द्याल का? मी पाठ भिंतीला लावून बसेन, म्हणजे कापलेला पदर भिंतीवर जाईल आणि रंग एकच असल्यानं कोणाला कळायचं नाही. तुमच्यासाठी आंधळगावच्या विणकराला नवा कोसा सांगितला आहे. नाही म्हणायचं असेल तर तसं पत्रानंच कळवा, फोनवर नको.

बाई, नमस्कार. सत्यभामानं पत्र टाकाले दिलं. लिफाफा चिकटला नव्हता म्हणून दोन ओळी लिहून राहिलो. आतलं काही वाचलं नाही. पातळ मी कापलं, कात्री माझ्याच हातात होती. तिले बोलू नको. ते तिले चांगलंच दिसते, आई चुकली होती. अन् लाडू पाचच होते.

तुझा भाऊ,
तेजराम