घाबरटाची पट्टी

२२ जानेवारी २०२५, बुधवार

चिकटली एकदाची! डाव्या बाजूला, गळ्याच्या हाडाखाली, बिस्किटाएवढी पांढरी पट्टी. चौदा दिवस काढायची नाही. हृदयाचा ठोका न् ठोका ती टिपणार, आणि धडधड सुरू झाली की मी मधलं बटण दाबायचं — म्हणजे नेमकी ती वेळ डॉक्टरांना कळते. काय गंमत आहे!

पट्टी लावणारी मुलगी म्हणाली, "आंटी, घबराइए मत." मी म्हटलं, "बेटा, घबराने के लिए ही तो आई हूँ!" 

तिला काय ठाऊक, या एका शब्दाने माझी काय गत केली ती. दोन वर्षांपूर्वी निशातगंजच्या बाजारात मला पहिल्यांदा धडधडलं, अंधारी आली. शेजारच्या मिश्राभाभींनी घरी आणून सोडलं आणि माझ्या नवऱ्याला, नंदकुमारना, सांगितलं, "भाभीजी को घबराहट हो रही थी." आता इथे घबराहट म्हणजे छातीत कसंतरी होणं. पण बँकेच्या नोकरीत लखनौला वीस वर्षं काढली तरी आमच्या साहेबांचे कान सांगलीचे! "हो, पहिल्यापासून घाबरटच आहे ती," म्हणून खो खो हसले. अर्थ नंतर कळला, पण मला चिकटलेलं नाव काही सुटलं नाही. त्यात ईसीजी काढावा तर नॉर्मल — दवाखान्यात पोचेपर्यंत धडधड पसार! आणि माझ्या स्कूटरची किल्ली यांच्या खिशात. "रस्त्यात घाबरलीस तर?"

आज कबूल करून घेतलंय. पट्टीत सापडलं तर किल्ली परत आणि घाबरट म्हणणं बंद.

२३ जानेवारी

दिवसभरात एकदाही नाही. ये की मेले आता!

२६ जानेवारी, रविवार

आली!!

मराठी मंडळाचं हळदीकुंकू होतं. ब्लाउजच्या गळ्यातून पट्टी डोकावत होती. यमुनाताई म्हणाल्या, "हे काय गीता, नवीन डोरलं?" मग काय, जी ती बघायला पुढे. तिळगुळाचा डबा फिरवत होते आणि तेवढ्यात सुरू — धडधडधड! "आली, आली!" मी ओरडलेच. बायकांना वाटलं कुणी पाहुणी आली, सगळ्या दाराकडे बघायला लागल्या. मी आपली पट्टीवर बोट दाबून खुर्चीत बसलेली. घाम फुटला होता, आणि मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

नंदकुमार खालीच थांबले होते. तिळगूळ घ्यायला वर बोलावलं तर म्हणाले, "दोन जिने कोण चढतंय? गाडीकडे कोण बघणार?" अलीगंजात रविवारी दुपारी आमची जुनी स्कूटर कोण नेतंय!

३० जानेवारी

आज नवल. जो माणूस औषधाच्या बाटलीवरचं लेबल वाचत नाही, तो पट्टीबरोबरचं माहितीपत्रक चष्मा लावून वाचत बसला. "बटण नाही दाबलं तरी कळतं?" कळतं म्हटलं. "झोपेतलंही?" झोपेतलंही. "दुखत नाही ना?"

जुई हसली. "बाबा, आपको क्या टेंशन है? पट्टी तो आई को लगी है ना!" या पोरीशी मी मराठीत बोलते आणि ती हिंदीत उत्तर देते. त्यावर नंदकुमार तिच्यावरच खेकसले. उगाच!

३ फेब्रुवारी

खाज! खाज! खाज! पण काढणार नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

काढली. कातडीवर लाल चौकोन राहिलाय. उघडंबोडकं वाटतंय.

आता खरी धाकधूक. काहीच निघालं नाही तर? मग जन्मभराची घाबरट, तीही मशीनच्या शिक्क्यासकट. देवा, माझ्या छातीत काहीतरी निघू दे — असलं मागणं कुणी मागितलं असेल का!

११ फेब्रुवारी, मंगळवार

निघालं! निघालं! निघालं!

डॉक्टरांनी स्क्रीनवर दाखवलं. आधी शहाण्यासारखे एकामागून एक ठोके आणि मग एकदम रेटारेटी, निशातगंजला दिवाळीच्या आदल्या दिवशी असते तशी. हळदीकुंकवाचीच वेळ! डॉक्टर म्हणाले, "आप डरपोक नहीं हैं, धड़कन की गड़बड़ है. दवा से काबू में आ जाएगी." मी आधी विचारलं, स्कूटर कधी? ते हसले. दोन आठवडे गोळ्या घ्या, मग बघू, म्हणाले.

हृदयाचा आजार निघाला म्हणून पेढे घेऊन घरी आलेली मी पहिलीच बाई असेन. रडलेसुद्धा थोडी. दोन वर्षं मलाच वाटायला लागलं होतं की आपण खरंच घाबरट.

नंदकुमारनी किल्ली माझ्या हातात ठेवली. "आता म्हणा घाबरट!" मी म्हटलं. हसले नाहीत. हरले म्हणून रुसले असणार.

१२ फेब्रुवारी

सकाळी चहाचा कप तसाच ठेवून म्हणाले, "ती पट्टी मलाही लावतील का, विचार." वर्ष झालं म्हणे. जिना चढलं की छातीत सगळं उलटंपालटं होतं.

मी ओरडलेच. वर्षभर सांगितलं का नाही?

खाली मान घालून बसले होते. "घाबरलो गं," म्हणाले. अगदी सांगलीच्या मराठीत.