बाईसाहेबांचा ताबा

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा कवळ्या बनवणे, हे मृत्युपत्र कुणाच्याही दडपणाखाली न येता, पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. टॅरंट्युलाबद्दल मी त्यांना काही बोललो नव्हतो.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक मुलाला. न्हाणीघराचं दार उचलून लावायचं असतं, ढकलून नाही. हे त्याला जन्मभर सांगत आलो आहे.

२. साचे, घासायचं यंत्र आणि मेण समोरच्या दंतवैद्य बाईंना.

३. धाकट्या भावाला काही नाही. त्याची कवळी मी फुकट बनवून दिली, आणि तीच लावून तो सगळीकडे सांगत सुटला की वहिनी गेल्यापासून दादा भ्रमिष्ट झाला. कवळी परत मागत नाही. शब्द स्वच्छ उमटतात, म्हणजे काम चांगलं झालं आहे.

४. आता मुख्य कलम. बाईसाहेब या टॅरंट्युला जातीच्या, तळहाताएवढ्या केसाळ कोळी. काचेच्या पेटीत राहतात. बायको गेल्यावर घरात पाय वाजेनात, म्हणून त्यांना आणलं. त्यांचेही वाजत नाहीत, हे नंतर लक्षात आलं. पण सकाळी कुणाचं तरी पाणी बदलायचं असलं की माणूस अंथरुणातून उठतो. यांच्या माद्या पुष्कळ जगतात. माझ्यामागे त्यांचं कसं होईल, हीच एक काळजी आहे. भाऊ म्हणतो, "चप्पल आहे की." मुलगा म्हणतो, "बाबा, एवढं सोडून काहीही सांगा." कॉलेजातले प्राणिशास्त्राचे प्राध्यापक तयार झाले, पण स्पिरिटच्या बरणीसाठी मापं विचारायला लागले.

राहिली पुतणी, याच भावाची मुलगी. रोज दुपारी माझा डबा घेऊन येते आणि पेटीकडे पाठ करून बसते. मागे एकदा बाईसाहेब उताण्या पडलेल्या तिने पाहिल्या. मी कामातून उठेपर्यंत तिने बुटाचा खोका आणून त्यात स्वतःची ओढणी अंथरली होती, आणि डोळे पुसत होती.

मी ओरडलो, "अगं, हात लावू नकोस! मेली नाहीये, कात टाकतेय."

"अगं बाई, जिवंत आहे?" म्हणत ती खुर्चीवर चढली. पण खोली सोडून गेली नाही. "सुलटी झाली की जाते," म्हणाली, आणि संध्याकाळपर्यंत पाय वर घेऊन तिथेच बसली.

तरी एवढ्या घाबरणाऱ्या पोरीच्या गळ्यात हे कसं मारायचं? म्हणून नाइलाजाने मसुद्यात प्राध्यापकांनाच घातलं होतं.

५. साक्षीदार म्हणून पुतणीची सही घ्यायची होती. आज वकिलांनी मसुदा वाचून दाखवला आणि तिला बजावलं, "साक्षीदाराला यातलं काही मिळत नसतं हं."

तिने पेन खाली ठेवलं.

"मग मी नाही करत सही. काका, तिला मी नेणार. बाबांना काय सांगायचं ते मी बघते."

"अगं, तू तिला घाबरतेस."

"घाबरते ना. घाबरत घाबरत पाणी घालीन."

त्याप्रमाणे कलम चारमधले प्राध्यापक खोडले असून बाईसाहेबांचा ताबा पुतणीकडे राहील. खोडाखोड माझ्याच हातची आहे.

लिहून देणार: कवळीवाला (सही)
साक्षीदार: १. खालचा शिंपी (सही) २. औषधांचा दुकानदार (सही)
ठिकाण: माझी कामाची खोली
दिनांक: वकिलांच्या शिक्क्यात आहे तोच