अठरा मिलिमीटरचा वाकडेपणा

४ मार्च, मंगळवार. सकाळी १०.२०

याच मिनिटाला माझी उघड उघड फसवणूक झाली. यांच्या मोटारसायकलला साइडकार जोडून आली. मी मोजली. मोटारसायकलच्या चाकांना एक आणि साइडकारच्या चाकाला एक अशा लांब सरळ पट्ट्या लावल्या आणि पट्ट्यांमधलं अंतर टेपने घेतलं. मागच्यापेक्षा पुढे अठरा मिलिमीटर कमी. म्हणजे साइडकारचं चाक चक्क तिरकं. शिवाय मोटारसायकल किंचित बाहेर कललेली, फोटोत नावडत्या जावेशेजारी उभं केल्यासारखी.

मेकॅनिक माझाच जुना विद्यार्थी. भूमितीत दोनदा नापास. हात मागे बांधून म्हणाला, बाई, ते मुद्दाम ठेवलंय, नाहीतर गाडी साइडकारकडे ओढते. मी म्हटलं, एकतीस वर्षं समांतर रेषा शिकवल्या, एकीनेही कुणाला ओढलं नाही. पाने गोळा करून निघाला. पटलं असणार.

५ मार्च, बुधवार

पार्श्वभूमी नोंदवून ठेवते. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दोन वर्षं हे मोटारसायकल चालवत नाहीत, नुसती पुसतात. पाय टेकून तोल सावरता येत नाही, म्हणून ही तिसऱ्या चाकाची सोय. मुलीला मान्य नाही. रविवारी येऊन स्वतः साइडकारमध्ये बसणार. गाडी जराही भरकटली तर विकायची, असा तिचा हुकूम. हुकूम सोडायची सवय तिला कुठून लागली कोण जाणे. यांच्या घराण्यातूनच आली असेल.

तेव्हा अठरा मिलिमीटर मलाच काढावे लागणार. हे म्हणाले, त्याने पंचवीस साइडकार बसवल्यात, तू किती बसवल्यास? असल्या प्रश्नांना उत्तर द्यायचं नसतं.

६ मार्च, गुरुवार. दुपारी ४

काम फत्ते. नट सैल केले, साइडकार फिरवली, नट आवळले. पाना यांचा, डोकं माझं. अंतर आता पुढे-मागे तंतोतंत सारखं. मोटारसायकल जमिनीशी काटकोनात. आमच्या शाळेतल्या सिस्टरनी पाहिलं असतं तर पाठ थोपटली असती. त्या कधीच कुणाची थोपटत नसत, पण हे काम वेगळं होतं.

संध्याकाळी ६

चाचणी. साइडकारमध्ये मी. फाटकातून निघालो ते थेट शेजाऱ्यांच्या कुंपणात. रस्त्याला उतार आहे. आजवर लक्षात आला नव्हता.

७ मार्च, शुक्रवार

आज सपाट रस्ता निवडला. तरी गाडी साइडकारकडेच ओढते. कारण सापडलं, हे हँडल ढिलं धरतात. घट्ट धरा म्हटलं. धरलं. घरी येऊन खांदा चोळत बसले आणि चहाचा कप दुसऱ्या हाताने उचलला. म्हणाले, त्याला बोलवूया का? मी म्हटलं, ज्याच्या त्रिकोणाच्या कोनांची बेरीज दोनशे दहा यायची, त्याला?

संकल्प : उद्या यांना टोचून बोलायचं नाही.

८ मार्च, शनिवार. सकाळी ११

संकल्प साडेआठपर्यंत टिकला.

तिसरी चाचणी. वारा होता. खांब चुकवताना यांच्या तोंडून जो शब्द निघाला, तो चाळीस वर्षांच्या संसारात ऐकला नव्हता. परतल्यावर गाडीवर कव्हर घातलं. म्हणाले, मुलीचंच बरोबर आहे, विकून टाकू. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बोलता आलं असतं. कव्हरची दोरी बांधत राहिले, सावकाश, गाठीवर गाठ.

दुपारी १.३०

मेकॅनिकचा नंबर अजून तोच आहे का, एवढंच पाहायला फोन लावला. तोच आहे. म्हणाला, येऊ का, बाई? मी म्हटलं, मी दोन ते पाच पडलेली असते, त्या वेळात अंगणात कोण येतं-जातं मला कळत नाही.

संध्याकाळी ५

गाढ झोप लागली. अंगणात साडेतीन वाजेपर्यंत पान्यांचे आवाज येत होते. शेजाऱ्यांकडे काहीतरी चाललं असेल.

९ मार्च, रविवार

मुलगी साइडकारमध्ये बसली. हे चौकापर्यंत गेले, वळले, परत आले. कुंपण जिथल्या तिथे. फाटकाशी येताना एक हात सोडून मला टाटासुद्धा केला. मुलगी हेल्मेट काढत म्हणाली, आई, अगदी सरळ चालते गं, कुणी जुळवलं? हे आभाळाकडे बघत राहिले. मी म्हटलं, मूलभूत तत्त्वं पक्की असली की जमतं. गाडी विकायची नाही, असं ठरलं.

१० मार्च, सोमवार. सकाळी ८

हे अंघोळीला गेल्यावर पट्ट्या लावल्या. पुढे अठरा मिलिमीटर कमी. तीनदा मोजलं. मोटारसायकल पुन्हा बाहेर कललेली. पाना हातात घेतला होता. तेवढ्यात न्हाणीघरातून हे ओरडून म्हणाले, अगं, दूध आणायला मी गाडीनेच जातो. फ्रिजमध्ये दोन लिटर दूध आहे. पाना जागेवर ठेवून दिला.

पण तत्त्व ते तत्त्व. मेकॅनिकला पत्र पाठवलं. त्याची नक्कल :

‘मोजल्यावर जी वाकडी भरते, ती गाडी रस्त्यावर सरळ कशी धावते, याचा खुलासा आकृती व सिद्धतेसह लेखी द्यावा. “बाई, चालवून बघा” हे उत्तर ग्राह्य धरलं जाणार नाही. मुदत शनिवार, १५ मार्च, सायंकाळी पाच. तोवर मी गाडीला हात लावणार नाही. तूही लावू नकोस.’