सिद्धेशच्या गावचं गाऱ्हाणं

कुडाळ

तीर्थरूप आईस,

रणजितचा पाया पडून नमस्कार. मी बरा आहे. पायाला थोडं लागलंय, पण चालता येतं. तू गुडघ्याचं औषध वेळेवर घेतेस ना?

चकमकीत गेलेला माझा जोडीदार सिद्धेश, त्याला काल त्याच्या गावी पोचवलं. कुडाळपासून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती. देवाच्या पालखीला घालतात तसा सडा दारोदार घातला होता, रांगोळीसुद्धा. आमच्या गड्याचा असा मान बघून ऊर भरून आला.

आज निघताना गावकरी मला देवळात घेऊन गेले. इकडे देवापुढे सगळे मिळून मोठ्यानं गाऱ्हाणं घालतात. म्हातारे मानकरी म्हणाले, "बा देवा म्हाराजा, ह्यो झील आमच्या सिद्धेशाक घराक घेवन इलो. तेका सुखरूप तेच्या आवशीकडे धाड रे म्हाराजा." झील म्हणजे मुलगा, आवस म्हणजे आई. सगळा गाव एका आवाजात म्हणाला, "व्हय म्हाराजा."

सिद्धेशची आई, सुगंधाकाकी, सुतक म्हणून देवळात आली नव्हती, लांब रस्त्यावरच थांबली होती. आई, त्यातला सगळ्यांत मोठा "व्हय" तिचा होता.

तुझा,
रणजित