सौजन्य : हरिश्चंद्र चुरी

१४ एप्रिल २०२०
लॉकडाऊन तीन मेपर्यंत वाढला. बायकोने, म्हणजे सुनंदाने, टीव्हीवर ऐकून मला सांगितलं. मी तेव्हा बाथरूममध्ये होतो.
सरकारी धोरणाबद्दल माझं मत: फार मवाळ. विनंती काय, आवाहन काय, टाळ्या काय! जनतेला फटका कळतो. विनंती दिसत नाही, वळ आठवडाभर दिसतो. आमच्या पक्षाचे साहेब गेल्या महिन्यात म्हणालेच होते, हरीभाऊ, तिकीट हवं तर वॉर्डात काम दिसलं पाहिजे. महापालिकेची निवडणूक पुढे गेली असली तरी कधीतरी होणारच. तिकीट मलाच.
सुनंदाला हे सांगितलं. म्हणाली, आधी मिक्सर दिसतोय का बघा, बंद पडलाय.

१६ एप्रिल
मास्कवाटप. कल्पना माझी: मास्कवर माझ्याच चेहऱ्याचा खालचा अर्धा भाग. मिशी आणि हसू. घातला की माणूस हरीभाऊच दिसतो. संध्याकाळपर्यंत अर्धं वटार गाव माझ्या तोंडाने हसत होतं. सुनंदाने घातला नाही. घरात एक पुरे, म्हणाली.

१७ एप्रिल
शेजारच्या बोळिंजचे फ्लॅटवाले भाजीच्या नावाखाली आमच्या वाड्यांत फिरायला येतात. रस्त्यावर आडवा बांबू टाकला. आमच्याच बांबूच्या बेटातल्या काठ्या तोडून त्यांना तेल पाजलं. प्रत्येक काठीवर लाल ऑइलपेंटने ‘सौजन्य : हरिश्चंद्र चुरी’.
काठीवाल्या पोरांचं पथक केलं, पथकप्रमुख फेबियन. गोखिवऱ्याला त्याची जिम आहे, सध्या बंद. हाताला काम नाही म्हणून बेचैन होता. विचारलं, भाऊ, किती जोरात? मी म्हटलं, निवडणुकीइतक्या.

१९ एप्रिल
पहिली धडक कारवाई! डबल सीट स्कूटर. एकाचं कोपर, दुसऱ्याची पोटरी. दुधाच्या पिशव्या फुटल्या, रस्ता पांढरा झाला, मग जरा गुलाबी. एक काठी मोडली. अर्थात स्कूटरवर.
नंतर दिनानाथ नावाचे बँकेतले गृहस्थ लंगडत आले. बांबूसमोरच्या इमारतीत राहतात. म्हणाले, अहो, मी पिशवी घेऊन भाजीला निघालो होतो. मी म्हटलं, पिशवी रिकामी होती ना? रिकामी पिशवी म्हणजे फिरायचा परवाना! म्हणाले, भाजी आणायला भरलेली पिशवी नेऊ का? असली उद्धट माणसं.
फेबियनला नवा आदेश: रिकामी पिशवी दिसली की दोन जादा. माझा सख्खा भाऊ असला तरी सोडायचं नाही.

२२ एप्रिल
सलून बंद ठेवण्याच्या धोरणाला माझा पूर्ण पाठिंबा. मिशी स्वतःच कापायला घेतली. डावी बाजू जरा जास्त गेली. उजवी तिच्याबरोबर आणली. मग परत डावी. आता प्रश्नच उरला नाही.
काळजी नाही. मास्कवर आहे.

२४ एप्रिल
साहेब परवा येणार! काठ्यांवरचा रंग घासून गेलाय. वापर दिसतो, पण नाव दिसत नाही. सगळ्या पुन्हा रंगवून घेतल्या. हवा दमट आहे, पण सुकेल उद्यापर्यंत.
उद्या सकाळी वेश बदलून स्वतः पाहणी करणार. साधा बनियन, टोपी, मास्क, हातात रिकामी पिशवी. बोळिंजला कोपऱ्यावर पापलेट आलंय म्हणतात, दिसलं तर बघू. हा दौरा आहे, बाजार नव्हे.

२५ एप्रिल, दुपारी
पालथा पडून लिहितोय.
पथक अत्यंत सक्षम आहे. पहिला फटका मांडीवर. ओरडलो, अरे, मी हरीभाऊ! फेबियन म्हणाला, सकाळपासून हा तिसरा हरीभाऊ. पुढचा फटका पाठीवर. पुरावा म्हणून मास्क काढला. फेबियन जवळ येऊन नीट न्याहाळत म्हणाला, आमच्या भाऊंना मिशी हाय. वर मास्क काढतोस? त्याचे वेगळे. मग कुणीतरी पिशवी उलटी केली. काहीच पडलं नाही. दोन जादा.
पळालो तो चिकूच्या वाडीतल्या पाण्याच्या पाटात पडलो. तिथेही आले. ओठ फाटला, एक दाढ हलतेय.
त्याने ओळखलं नाही, हे उघड आहे. ओळखलं असतं तर हसला कशाला असता?
सुनंदा हळद लावायला बसली आणि थांबली. म्हणाली, पाठीवर काहीतरी छापलंय. रंग ओलाच होता, बनियनमधून उतरला. आरसा धरून वाचलंन: तुमचं नाव पुसट आलंय हो, ‘सौजन्य’ मात्र चार ठिकाणी स्पष्ट आहे.

२५ एप्रिल, संध्याकाळी
दिनानाथने गॅलरीतून व्हिडिओ काढला. सगळ्या ग्रुपवर फिरतोय. चेहरा चिखलाने ओळखू येत नाही, देवाची कृपा.
साहेबांचा स्वतः फोन! वा, हरीभाऊ, काय कडक काम आहे तुमच्या वॉर्डात! मी म्हटलं, आपला आशीर्वाद. (ओठामुळे ‘आफला’ झालं.) म्हणाले, तो बनियनवाला कसा लोळला! मी म्हटलं, हो, साहेब, तसल्यांना सोडत नाही आपण. मग म्हणाले, तो पुढे असलेला दणकट तरुण कोण? नाव सांगितलं. स्पेलिंगही सांगितलं. म्हणाले, असा उमेदवार हवा.
मी म्हटलं, साहेब, काठ्या माझ्या होत्या. म्हणाले, ते दिसलं ना! नाव अगदी ठळक आलंय.
उद्या अकरा वाजता बांबूपाशी फेबियनचा सत्कार. साहेबांच्या हस्ते शाल, माझ्या हस्ते नवी काठी. त्यानंतर साहेबांची भाषणं साधारण तासभर चालतात. मला पहिल्या रांगेत खुर्ची ठेवली आहे. प्लास्टिकची. बसावं लागेल, असा अंदाज आहे.